आन्सेल्मोचे पहिले प्रेम

चुलीवर नारळाचा भात होता आणि पुढच्या खोलीत राजधानीची बाई होती. दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देणे डेल्फिनाबाईंना जमेना.

राजधानीची बाई वही आणि पेन्सिल घेऊन आली होती. खोलीत एकोणीस चित्रे टांगलेली होती. पण ती चित्रे पाहत नव्हती, चित्रांखालच्या चिठ्ठ्या वाचत होती. चिठ्ठ्यांवर 'नदी', 'पुन्हा नदी', 'मासे' असे एवढेच लिहिलेले होते. तेवढ्याने बाईचे पोट भरत नव्हते. ती दर दोन मिनिटांनी वळून विचारी, "आणि हे काढताना ते दुःखी होते का?"

"नाही हो," डेल्फिनाबाई म्हणत आणि मान लांब करून स्वयंपाकघराचा वास घेत.

हे घर आता 'आन्सेल्मो तोवार स्मृती संग्रहालय' झाले होते. आन्सेल्मो म्हणजे डेल्फिनाबाईंचा नवरा. पुएर्तो ओलिवोतल्या न्हाव्यांच्या, खाटकांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या त्याने जन्मभर रंगवल्या. माग्दालेना नदीवरून जाणाऱ्या निम्म्या लाँचींची नावे त्याच्या हातची. पाट्या रंगवून जो रंग उरे, त्याची तो चित्रे काढी. म्हातारपणी राजधानीतल्या कोणा जाणकाराने ती पाहिली आणि आन्सेल्मो प्रसिद्ध झाला. ही बातमी गावात सगळ्यात शेवटी त्यालाच कळली, कारण तो दुपारचा झोपला होता. पुढे पाच वर्षांपूर्वी, व्यवस्थित जेवून, अंगणातल्या झोळीत पडल्या पडल्या तो वारला. नगरपालिकेने पुढची खोली संग्रहालयासाठी घेतली आणि मागच्या दोन खोल्या, किल्ली आणि केरसुणी डेल्फिनाबाईंकडे राहिली.

महिन्याभरापूर्वी नगरपालिकेचे संस्कृती अधिकारी लिसांद्रो एक छापील कागद घेऊन आले होते. जिल्ह्याच्या मोठ्या संग्रहालयातून पत्र आले होते. तुमच्याकडे माणसे येतात, पण अकरा मिनिटांत परत जातात; तेव्हा ही चित्रे आमच्याकडे का हलवू नयेत, असा पत्राचा सूर होता.

"लोकांना चरित्र लागतं, बाई," लिसांद्रो म्हणाले. "चरित्र असलं की माणूस दोन तास हलत नाही. ह्या रकान्यात 'संघर्ष' लिहायचाय. काय काय सोसलं त्यांनी?"

"आम्लपित्त."

"आणखी?"

"एकदा दाढ काढली होती. पण ती हलतच होती."

"दारू?"

"आम्लपित्त म्हटलं ना मी."

लिसांद्रोंनी आवाज खाली आणला. "बायका?"

"एक. तुमच्यापुढे बसलीय."

"अहो, मग एवढी चित्रं काढली तरी कशापायी?"

"रंग उरायचा. टाकून कसा द्यायचा?"

लिसांद्रोंनी कागदाची घडी घातली आणि ते कपाळाला हात लावून निघून गेले. डेल्फिनाबाईंना चित्रांचे फार प्रेम होते असे नाही. भिंतीवर टांगलेली आणि धूळ खाणारी वस्तू अशीच त्यांची चित्रांशी ओळख होती. पण जिल्ह्याचा ट्रक दारात उभा राहणार आणि नवऱ्याचे होते नव्हते ते उचलून नेणार, ही कल्पना त्यांना सोसवेना. एकदा त्याला दारातून खांद्यावर नेताना पाहिले होते. तेवढे पुरे होते.

तर, चुलीवर भात होता. राजधानीची बाई एका मोठ्या चित्रापुढे थांबली. धक्क्यावर पिवळा झगा घालून बसलेली एक बाई, डोक्यावर हॅट, पाठ आपल्याकडे, तोंड नदीकडे.

"ही कोण?"

खरे म्हणजे ती कोणीच नव्हती. आन्सेल्मोने आधी आंब्यांचा ढीग काढला होता. डेल्फिनाबाई पाण्याची बादली घेऊन जाता जाता म्हणाल्या होत्या, "हा ढीग बसलेल्या बाईसारखा दिसतोय." आन्सेल्मोने मान तिरकी करून पाहिले, "हो की," म्हणाला आणि ढिगावर हॅट चढवली. पण एवढे सगळे सांगत बसायचे, तर त्यावर दहा प्रश्न येणार. आतून करपल्याचा पहिला वास आला.

"ती त्यांचं पहिलं प्रेम," डेल्फिनाबाई म्हणाल्या आणि आत निघाल्या.

"थांबा! नाव काय तिचं?"

खिडकीतून नदी दिसत होती आणि नदीवरून एक लाँच चालली होती. लाँचवर पांढऱ्या अक्षरांत नाव होते.

"सुनिल्दा," डेल्फिनाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

भात खालून दोन बोटे लागला होता. तो खरवडून त्या बाहेर आल्या, तेव्हा राजधानीची बाई पिवळ्या चित्रापुढे रुमालाने डोळे टिपत होती. नंतर ती तासभर बसली. जाताना तिने डेल्फिनाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि घट्ट दाबले. डेल्फिनाबाईंना वाटले, हिला भाताचा वास आला असावा.

दहा दिवसांनी राजधानीच्या वर्तमानपत्रात पानभर मजकूर आला. शनिवारच्या लाँचने चाळीस माणसे उतरली. त्यातल्या एकानेही 'नदी' किंवा 'पुन्हा नदी' पाहिले नाही. सगळी सरळ पिवळ्या बाईपुढे जाऊन उभी राहिली. लिसांद्रो धावत आले. त्यांनी घड्याळ लावून पाहिले: माणशी एक तास दहा मिनिटे.

"बाई, बाई, हे एवढं मोठं माझ्यापासून लपवलंत!"

"अहो साहेब, भात लागत होता म्हणून..."

"आता काही बोलू नका. जखम ताजी असते. फक्त एवढं सांगा, त्यांची ताटातूट कशी झाली? लोक विचारतायत."

डेल्फिनाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. एवढा आनंदी लिसांद्रो त्यांनी गेल्या वीस वर्षांत पाहिला नव्हता. ट्रक डोळ्यांपुढे आला. त्या म्हणाल्या, "तिच्या बापाने तिला नदीच्या वरच्या अंगाला पाठवून दिलं."

मग तो रोजचा उद्योग झाला. कोणी विचारी, पत्रे यायची का? डेल्फिनाबाई म्हणत, यायची. पत्रे कुठे आहेत? पुरात गेली. पूर कोणत्या साली? मोठा आला त्या साली. नदीकाठच्या गावात पुराला काही तोटा नसतो. एक खोटे बोलले की त्याला टेकू म्हणून दुसरे लागते, आणि दुसऱ्याला तिसरे. पंधरवड्यात सुनिल्दाला काळेभोर केस आले, गालावर खळी आली, ती उत्तम गाऊ लागली. डेल्फिनाबाईंच्या लक्षात आले की ती फार देखणी होत चालली आहे. त्यांनी तिला जरा तोतरी करायचा प्रयत्न केला. पण पर्यटकांना ते आणखीच आवडले.

पहिला धक्का बसला तो बाजारात. मासेवाल्या पेत्रोनाने नेहमीपेक्षा मोठा बोकाचिको मासा काढून त्यांच्या टोपलीत टाकला.

"एवढा कशाला गं?"

"राहू दे, डेल्फिनाक्का. खा चांगलंचुंगलं." पेत्रोनाने उसासा टाकला. "बेचाळीस वर्षं संसार केलास. मनात हा काटा घेऊन! आणि आम्हाला वाटायचं, तुमचं किती छान चाललंय."

"अगं, छानच चाललं होतं!"

"तेच म्हणते मी. धन्य आहे तुझी."

मागे उभ्या असलेल्या दोघीतिघी बायकांनीही उसासे टाकले. डेल्फिनाबाई तो मासा घेऊन घरी आल्या, पण तो त्यांच्या घशाखाली उतरेना. बेचाळीस वर्षे त्या गावातली एक बऱ्यापैकी मिजासखोर बायको म्हणून वावरल्या होत्या. आता एका फटक्यात त्या दुसऱ्या नंबरावर गेल्या होत्या. आणि पहिल्या नंबरावर जी होती, ती त्यांनीच जन्माला घातली होती.

त्यात निकानोर आला. निकानोर हा आन्सेल्मोचा डॉमिनोतला जोडीदार. तीस वर्षे दोघे चिंचेखाली रोज खेळत. तो आला तो दारातल्या झुलत्या खुर्चीत बसलाच नाही, उभाच राहिला. एवढा तो रागावला होता.

"वहिनी, पोट साफ झालं नाही तरी तो मला सांगायचा. आणि ही गोष्ट सांगितली नाही! मला!"

"भावजी, बसा. नव्हतंच तसं काही. मी आपलं थाप मारली."

निकानोर बसला. त्याने बराच वेळ विचार केला. मग हळूहळू मान डोलावली. "तरीच."

"तरीच काय?"

"खेळता खेळता मधेच नदीकडे बघत बसायचा. हातात डबल सहा असायचा आणि टाकायचा भलतंच. मी म्हणायचो, अरे, लक्ष कुठंय तुझं? तर नुसता हसायचा."

"नदीकडे नाही हो, घड्याळाकडे बघायचे! चर्चच्या. जेवायची वेळ झाली का म्हणून."

"असं तुम्हाला वाटतं, वहिनी." निकानोरने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर थोपटले. "बायकोला असंच वाटायला हवं."

"अहो, मी सांगतेय ना, सुनिल्दा मी रचली! लाँचवरचं नाव बघून रचली!"

"आणि लाँचवर ते नाव रंगवलं कोणी?" निकानोरने विचारले.

 लाँचवर ते नाव आन्सेल्मोनेच रंगवले होते. लाँचच्या मालकाने सांगितले म्हणून रंगवले होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणजे, होते का ठाऊक?

त्या दिवशी दुपारी सगळे गाव झोपले असताना त्यांनी आन्सेल्मोची पेटी उघडली. आत तीन पट्टे, एक वाळून लाकूड झालेला ब्रश, दाढदुखीच्या औषधाची बाटली आणि त्याच्या अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. त्यांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. चिठ्ठीत लिहिले होते: 'हिरवा, निळा, टर्पेंटाइन, डेल्फिनासाठी गुडघ्याचं तेल.' त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या पेटी मिटू लागल्या, आणि मिटता मिटता त्यांच्या मनात आले, माणूस इतका सरळ असतो का कुठे? बेचाळीस वर्षांत काहीच कसे सापडू नये? ज्याने काहीच लपवले नाही त्याच्याकडे काहीतरी सापडतेच. काही सापडत नाही, म्हणजे लपवलेच असणार!

भिंतीवर आन्सेल्मोचा फोटो होता. त्याच्यापुढे उभे राहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कोण आहे ही सुनिल्दा?"

आन्सेल्मो नेहमीसारखा हसत होता.

दुसऱ्या दिवशी त्या नगरपालिकेत गेल्या आणि लिसांद्रोंच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "साहेब, आता पुरे. मी लोकांना खरं सांगणार. ते आंबे आहेत."

लिसांद्रोंचा चेहरा उतरला. मग त्यांनी टेबलामागून एक जड वस्तू काढली आणि वरचे फडके बाजूला केले. संगमरवरी पाटी होती. 'या घरात आन्सेल्मो तोवार यांनी सुनिल्दाच्या आठवणीत आयुष्य काढले.'

"आणि मी कुठे होते?" डेल्फिनाबाईंनी विचारले.

"जागा पुरली नाही, बाई. दगड केवढा मिळाला बघा ना. रविवारी जिल्ह्याचे साहेब येतायत अनावरणाला. पत्र मागे घेतलंय त्यांनी. चित्रं इथंच राहणार! फक्त रविवार होऊन जाऊ दे. मग तुम्ही म्हणाल तर आंबे, म्हणाल तर पेरू."

रविवारी चौकात माणूस मावेना. जिल्ह्याचे साहेब आले, बँड आला, पाद्री आले, तळलेल्या केळ्यांच्या गाड्या आल्या. साहेब दोरी ओढणार, एवढ्यात धक्क्याकडून दुसऱ्याच एका बँडचा आवाज ऐकू आला. लाँचमधून एक ठेंगणी, गोल, सत्तरीची बाई उतरली. अंगात पिवळा झगा, डोक्यावर हॅट. मागे तिच्या गावचा बँड. पुढे तिच्या दोन नाती, फुले उधळत.

"वाट द्या!" नाती ओरडत होत्या. "आमची आजी आलीय! सुनिल्दा आलीय!"

लोकांनी आधी तोंडाचा आ केला आणि मग टाळ्यांचा कडकडाट केला. निकानोर टोपी काढून रडू लागला. "हीच," तो शेजाऱ्याला म्हणाला, "अगदी हीच." त्याने तिला जन्मात पाहिलेले नव्हते.

डेल्फिनाबाईंच्या डोक्यात आधी भीती शिरली आणि लगेच तिला ढकलून मत्सर शिरला. जी बाई जगात नाही, ती समोर उभी होती; आणि खळी खरोखरच होती. सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर त्या पुढे झाल्या, पाहुणीचा दंड धरला आणि म्हणाल्या, "या. कॉफी घ्या." तिला जवळजवळ ओढतच त्यांनी मागच्या स्वयंपाकघरात नेले आणि दार लावले.

"बसा."

सुनिल्दा बसली. तिने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि फडक्याने मानेवरचा घाम पुसला.

"बरं, सांगा," डेल्फिनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "आन्सेल्मोची ओळख होती म्हणता ना? झोपेत काय करायचा तो?"

"घोरायचे," सुनिल्दा म्हणाली.

डेल्फिनाबाई एक पाऊल पुढे आल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"सगळेच घोरतात हो, बाई."

 बाहेर दोन्ही बँड एकमेकांवर कुरघोडी करत होते. मग सुनिल्दा खुर्चीच्या कडेला सरकली आणि पुटपुटली, "मला मारू नका. मी ती नाही. तुमच्या यजमानांना मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही."

"मला माहितीय."

"कसं काय?"

"तुम्हाला मी रचलंय."

सुनिल्दाने त्यांच्याकडे नीट पाहिले. "मी खरी आहे हो. सुनिल्दाच नाव माझं. वरच्या अंगाला, एल काराकोलला माझी बेकरी आहे. एक दिवस ह्या पोरी वर्तमानपत्र नाचवत आल्या. आजी, तूच का ती सुनिल्दा? माझे हात कोपरापर्यंत पिठात. भट्टी तापलेली. पोरी हलेनात. म्हटलं, हो गं बायांनो, मीच ती, पण आता बाहेर व्हा."

"आणि मग?"

"मग काय! ब्रेड भट्टीत जाईपर्यंत आळीला कळलं. ब्रेड बाहेर येईपर्यंत नगराध्यक्ष दारात. दोनदा मी सांगायला गेले, तर बँड वाजायला लागला." तिने मान खाली घातली. "आणि खोटं कशाला बोलू, बाई, बरं पण वाटलं. सत्तर वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, की सुनिल्दा, तुझ्यावर कोणाचा जीव होता का? माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही. त्याला पावाची काळजी."

डेल्फिनाबाईंनी कॉफी ओतली. दोन कप ओतले. आपल्या भाताची हकीकत त्यांनी सांगितली, तेव्हा सुनिल्दाला असे हसू फुटले की कॉफी झग्यावर सांडली; आणि ते पाहून, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, डेल्फिनाबाईही हसल्या.

"चला," त्या शेवटी म्हणाल्या. "आपण दोघीच काय ते निस्तरू शकतो."

दोघी हातात हात घालून चौकात आल्या. दोन्ही बँड थांबले. डेल्फिनाबाई पाटीसमोरच्या पायरीवर चढल्या. "लोकहो, मी खोटं बोलले. आन्सेल्मोला कोणी पहिलं प्रेम नव्हतं. त्या चित्रात बाई नाही, आंबे आहेत. वरती हॅट आहे, एवढंच."

"आणि मी त्यांना कधी बघितलेलंसुद्धा नाही," सुनिल्दा म्हणाली. "मी ब्रेड भाजते."

 मग पेत्रोनाने हुंदका दिला. "बघा! एकमेकींसाठी बघा कशा खोटं बोलतायत!"

चौकाला तेवढेच हवे होते. बायका रडू लागल्या, पुरुष नाक शिंकरू लागले. पाद्रींनी क्षमेच्या महतीवर दोन शब्द सांगितले. जिल्ह्याच्या साहेबांनी दोन्ही म्हाताऱ्यांच्या हाताचे चुंबन घेतले आणि आपण इतका त्याग कुठल्याच संग्रहालयात पाहिला नाही, असे जाहीर केले. डेल्फिनाबाई "आंबे! आंबे!" असे ओरडत होत्या, तो आवाज दोन बँडखाली बुडून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की पत्नीच्या तोंडी 'आंबे' हा शब्द म्हणजे गमावलेल्या तारुण्याचे रूपक होय.

आता खरे बोलूनही काही उपयोग नव्हता. ते सांगून झाले होते आणि कोणी घेतले नव्हते. दोघींनी स्वयंपाकघरात बसून विचार केला. लोकांना चरित्र हवे होते. सुनिल्दाच्या बेकरीला शनिवारी सुट्टी असे, आणि तिला बोलायची हौस होती. डेल्फिनाबाईंना सगळ्याचा कंटाळा आला होता. एवढे ठरायला एक कप कॉफी पुरली. लिसांद्रोंनी तर आनंदाने मान डोलावली आणि चर्चमधून वीस खुर्च्या मागवून आणल्या.

पहिल्या शनिवारी खोली गच्च भरली. सुनिल्दा दाराशी झुलत्या खुर्चीत बसली आणि वीस खुर्च्या तिच्याकडे तोंड करून मांडल्या. निकानोर पहिल्या रांगेत. सुनिल्दाने सुरुवात केली. धक्का, चांदणे, रागावलेला बाप. तिने इतके रंगवून सांगितले की माणसे श्वास घ्यायची विसरली. आणि मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या डेल्फिनाबाईंच्या लक्षात आले, की खोलीतल्या सगळ्यांच्या पाठी चित्रांकडे आहेत.

त्यांना करायला काहीच नव्हते. कोणी काही विचारत नव्हते, चुलीवर काही नव्हते. तेव्हा त्यांनी एक स्टूल ओढले आणि चित्रांकडे तोंड करून त्या बसल्या. वर्षानुवर्षे ह्या चौकटींवरची धूळ त्यांनी पुसली होती, पण फडके घेऊन पाहणे वेगळे आणि बसून पाहणे वेगळे. नुसते बसून त्यांनी एकदाही पाहिले नव्हते.

स्टूल नेमके 'मासे' ह्या चित्रापुढे होते. बाजारातली फळी आणि फळीवर माशांचा ढीग. हे चित्र आन्सेल्मोने जेवणाच्या टेबलासमोर टांगले होते आणि जेवताना तो त्याच्याकडे पाहून खुदकन हसे. डेल्फिनाबाईंना वाटे, कालवण आवडले म्हणून हसतो. त्या पाहू लागल्या. डावीकडचा बारका, डोळे वटारलेला मासा. हा चेहरा कुठे पाहिला? कपाळाला आठ्या, तोंडात कागदासारखा पांढरा तुकडा... लिसांद्रो! त्या पुढे सरकल्या. ती जाडी, सुस्कारा टाकणारी, पेत्रोना. पाद्रींच्या तीन हनुवट्या जशाच्या तशा. कडेला एक मोठा शिंगाडा मासा पसरला होता. झुपकेदार मिशा, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंडावर डाव आपणच जिंकणार असा भाव. आणि ढिगाच्या मधोमध, सगळ्यांच्या वर, एक मासळी. तोंड सताड उघडे, काहीतरी ठणकावून सांगणारे. तिच्या कल्ल्यांत डेल्फिनाबाईंची लग्नातली लोंबती कर्णफुले. आणि आजूबाजूचे सगळे मासे माना वळवून मुकाट्याने तिचे ऐकत होते.

डेल्फिनाबाईंचा हात कानाकडे गेला. मग त्यांच्या पोटातून हसू उठले. त्यांनी ते दाबले, पदर नव्हता म्हणून एप्रन तोंडात कोंबला, पण हसू काही ऐकेना. सुनिल्दा तेव्हा नेमकी ताटातुटीपाशी आली होती. लाँच सुटली होती, रुमाल हलत होता, आणि खोलीत खो-खो हसण्याचा आवाज घुमला.

"शूऽऽ!" लिसांद्रो म्हणाले.

"बिचारी," पहिल्या रांगेतली एक बाई कुजबुजली. "दुःखाने अशी हसते."

"कसलं दुःख!" डेल्फिनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "सुनिल्दा, अगं लाँच राहू दे. इकडे ये. हे बघ ह्यानं काय केलंय!"

सुनिल्दा उठली. तिने लाँच तशीच नदीत सोडली. ती चित्रापुढे आली, एकदा डेल्फिनाबाईंकडे पाहिले, एकदा मासळीकडे, आणि तिची हॅट खाली पडली. मग एकेक खुर्ची सरकू लागली. बाहेरगावच्या माणसांना आधी कळेना. मग एकाने चित्रातल्या बारक्या माशाकडे पाहिले, वळून लिसांद्रोंकडे पाहिले, आणि तो भिंतीला टेकला. पाच मिनिटांत चरित्राच्या बाजूला कोणी उरले नाही. लोक एका चित्रावरून दुसऱ्यावर जाऊ लागले. कोणी म्हणाले, ही नदी बघा, पाय भिजल्यासारखे वाटतात. कोणी पिवळ्या चित्रापुढे डोके तिरके करून म्हणाले, "अहो, हे खरंच आंबे आहेत की!" लिसांद्रोंनी सवयीने घड्याळ काढले होते, पण माशांच्या चित्रापाशी आल्यावर ते खिशात घालायलाही विसरले.

सगळ्यात शेवटी निकानोर आला. गर्दी बाजूला झाली. सगळ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. निकानोरने चित्राला जवळजवळ नाक लावले. एक डोळा अर्धा मिटून तो मिशीवाल्या शिंगाड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"हा मासा ओळखीचा वाटतोय, वहिनी," तो म्हणाला.

"हो का, भावजी? कोणासारखा वाटतो?"

निकानोरने मिशीवरून हात फिरवला. विचार केला. पुन्हा एकदा पाहिले.

"आत्ता नाव आठवत नाही," तो म्हणाला. "पण बाकीच्या माशांसारखा नाही हो हा. मोठा खानदानी मासा आहे."